थोरलीचं नाव

मी मूळची राहुरीकडची. आता राहुरी म्हटलं की इथल्या पोरांना काही कळत नाही, मग मी नगर म्हणते, नगरही कळलं नाही तर पुणे म्हणते आणि गप्प बसते. वडील मिशनच्या शाळेत शिपाई, आम्ही चार बहिणी आणि मग एक भाऊ, ह्या एकासाठी तुम्ही चौघी झालात असं आई चिडली की म्हणायची, आणि म्हातारपणी तिला सांभाळलं कुणी तर आम्ही चौघींनीच, ते असू द्या. मॅट्रिक झाले, नगरला नर्सिंग शिकले आणि पुढं सगळा जन्म पांढऱ्या साडीत गेला. सिस्टर इकडं या, सिस्टर बाळ रडतंय, सिस्टर सलाईन संपलं. माझं नाव सुमन आहे हे माझं मलाच कधी कधी आठवावं लागायचं.

लग्न होऊन आले साळव्यांच्या घरात. हे हायस्कुलात भूगोल शिकवायचे. स्वभावानं गरीब, म्हणजे इतके गरीब की भांडायला जावं तर समोर कुणी नाहीच, दोन्ही बाजूंचं भांडण मला एकटीलाच करावं लागायचं. सासूबाईंचा, ताराबाईंचा, माझ्यावर फार जीव होता. रात्रपाळी करून आले की मला उठवायच्या नाहीत, भाकरी फडक्यात गुंडाळून ठेवायच्या आणि बायकांना दारातूनच परत पाठवायच्या, माझी सून झोपलीय म्हणून. अशी सासू कुणाला मिळते सांगा. त्या ह्यांच्या सख्ख्या आई नव्हत्या हे मला लग्नानंतर वर्षभरानं कळलं आणि तेसुद्धा शेजारणीकडून. ह्यांना जन्म देणारी बाई तान्हं मूल मागं ठेवून वारली, मग मामंजींनी ताराबाईंशी दुसरं लग्न केलं. घरात पहिलीचा विषय चुकून निघालाच तर थोरली म्हणायचे. थोरलीच्या वेळचं पातेलं, थोरली होती तेव्हा. नाव कुणी घ्यायचं नाही, फोटो तर नव्हताच.

ह्यांना कसं कळलं, तर शाळेत एका पोराशी भांडण झालं आणि ते पोर म्हणालं, तुझी आई मेलीय, ही दुसरी आहे. हे घरी आले, सासूबाई भाकऱ्या थापत होत्या, ह्यांनी विचारलं तू माझी आई नाहीस का, तर त्यांनी तव्यावरची भाकरी काढून ताटात टाकली आणि म्हणाल्या, खा आधी. ह्यांनी खाल्ली. त्यानंतर जन्मात ह्यांनी तो विषय काढला नाही. मला एकदा म्हणाले, तिनं इतकं केलं माझं, आता दुसरीचं नाव विचारायचं म्हणजे तिच्या तोंडावर मारल्यासारखं होईल. मी पण मग गप्प बसले, कारण सासूबाई होत्याच तशा.

सासूबाई गेल्या, मामंजी तर आधीच गेले होते, आम्ही दोघं रिटायर झालो आणि मुलगा म्हणाला, आता इकडं या. तो जर्सी सिटीत, कॉम्प्युटरमध्ये. दोन हजार एक साली आलो. उंच बिल्डिंग, काचेची, खिडकीतून पलीकडचं न्यूयॉर्क दिसायचं, पण खिडकीतून बघून बघून माणूस किती बघणार. मुलगा-सून सकाळी ट्रेननं जायचे ते अंधार पडल्यावर यायचे. हे दिवसभर नकाशे काढून बसायचे आणि मी, खोटं नाही सांगत, लिफ्टमध्ये वर-खाली करायचे, कुणीतरी बोलेल म्हणून. लोक हाय म्हणायचे आणि आकड्याकडे बघत उभे राहायचे. मुलाला सांगितलं तर म्हणाला, आई, रिलॅक्स कर ना, आयुष्यभर काम केलंस. रिलॅक्स कर म्हणे. चाळीस वर्षं ज्या बाईनं बसून चहा घेतला नाही तिला सांगतोय रिलॅक्स कर!

मग जवळ एक ख्रिस्ती मंडळी सापडली, म्हणजे चर्चच, तिथं आम्ही रविवारी जायला लागलो. गाणी इंग्रजीत, पण देव तोच. त्या लोकांची एक रीत मला फार आवडली. त्यांचा असा विश्वास की घराणं मेल्यावरही तुटत नाही, म्हणून ते पूर्वजांची नावं शोधत बसतात, आजा-पणजा, खापरपणजा, आणि हे काम करायला म्हाताऱ्या जोडप्यांना दीड-दोन वर्षांसाठी दुसऱ्या गावी पाठवतात, मिशनरी म्हणून. आमच्याकडं मिशनरी म्हणजे गोरा साहेब, घोड्यावरून आलेला. आता साहेबाच्या देशात साळवे मिशनरी! मी म्हटलं, मी जाणार. हे म्हणाले, बघू. ह्यांचं बघू म्हणजे हो असतं, फक्त उशिरा येणारं. मुलगा म्हणाला, ह्या वयात, थंडीत, एकटे? म्हटलं, एकटे कुठं, दोघं आहोत की.

दोन हजार तीनच्या पानगळीत आम्हाला ॲन आर्बरला पाठवलं, उत्तरेकडचं युनिव्हर्सिटीचं गाव. काय थंडी ती, देवा रे! नाक आहे का पडलं ते हात लावून बघावं लागायचं. एक छोटं अपार्टमेंट, एक जुनी गाडी, हे पासष्टी उलटल्यावर ड्रायव्हिंग शिकले आणि भूगोल शिकवल्यासारखी गाडी चालवायचे, सावकाश आणि सगळं समजावून सांगत. छातीवर नावाची पाटी, त्यांच्या रीतीनं पुरुष तो एल्डर आणि बाई ती सिस्टर. ह्यांच्या पाटीवर एल्डर साळवे आणि माझ्या पाटीवर सिस्टर साळवे. म्हटलं, झालं, रिटायर होऊन सात समुद्र ओलांडले तरी मी सिस्टरच!

काम असायचं मंडळीच्या तळघरात. खोलीत अंधार करून ठेवायचा, जुन्या दप्तरांची फिल्म यंत्रावर चढवायची आणि चाक फिरवत एकेक नाव वाचायचं. येणारी माणसं बहुतेक म्हातारी. एक गाडीच्या कारखान्यातून रिटायर झालेला बाप्या होता, एवढा धिप्पाड, त्याला आजोबाचं नाव जहाजाच्या उतारूंच्या यादीत सापडलं तर लहान मुलासारखा रडायला लागला. ह्यांनी उठून त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि मी थर्मासमधला चहा दिला, आलं घातलेला. त्याला ठसका लागला, पण प्याला सगळा. मला तर ती खोली दवाखान्यासारखीच वाटायची, माणूस येतो तेव्हा त्याला काहीतरी दुखत असतं आणि जाताना जरा बरं असतं. मी तिथं फार सुखी होते, हे मी आज तुम्हाला सांगते, कारण तेव्हा थंडीची तक्रार करण्यातच दिवस गेले.

पण आमच्या घरचं दुखणं तिथंच वर आलं. नियम असा की दुसऱ्यांची घराणी शोधण्याआधी आपलं घराणं मांडायचं. माझ्या बाजूची नावं मी धडाधड सांगितली. ह्यांनी वडिलांचं लिहिलं, आज्याचं लिहिलं आणि आईच्या जागी येऊन थांबले. ताराबाई लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. रोज लोकांच्या आया शोधून द्यायचे आणि स्वतःची जागा तशीच. गावच्या मंडळीचं जुनं दप्तर वाळवीनं खाल्लेलं, फिल्मवर काही नव्हतं. त्याच हिवाळ्यात ह्यांच्या छातीत दुखायला लागलं. डॉक्टर म्हणाले ऑपरेशन करावं लागेल, फेब्रुवारीत. हे मला म्हणाले, सुमन (बघा, कधी नाव घेत नाहीत, अगं ऐकलंस का करतात, त्या दिवशी घेतलं), मी उद्या वर गेलो आणि ती समोर आली तर मी तिला काय म्हणून हाक मारू? मी म्हटलं, आई म्हणा, आणखी काय, आणि असलं अभद्र बोलू नका. तोंडानं म्हटलं खरं, पण बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले.

थोरलीला पाहिलेलं जिवंत माणूस एकच उरलं होतं, ह्यांची आत्या, मामंजींची धाकटी बहीण, ऐंशीच्या पुढची, श्रीरामपूरला मुलाकडं राहायची. ह्यांनी फोन लावला. तेव्हा फोनचं विकतचं कार्ड असायचं, आधी एक नंबर दाबा, मग पिन, मग देशाचा नंबर, काय बोलायचं ते तोवर माणूस विसरायचा. आणि ह्यांनी विचारलं तरी कसं, तर तळघरात अमेरिकन लोकांना विचारायचे तसं. आत्या, माझ्या आईचं पूर्ण नाव काय, जन्म कुठला, माहेर कोणतं. आत्या म्हणाल्या, मन्या, तू अमेरिकेतून मला जनगणना विचारतोस व्हय? वहिनी म्हणायचो आम्ही तिला. थोरल्या वहिनीचं नाव घेत्यात का कुठं? आणि तारावहिनीनं तुला वाढवला, ते कशाला उकरून काढतोस, जेवलास का. झालं, फोन ठेवला. हे म्हणाले, जाऊ दे, तिला आठवत नाही. मला मात्र आत्यांचा आवाज काही आठवत नसलेल्या माणसाचा वाटला नाही. पेशंट दुखतंय कुठं ते लपवतो ना, तसा वाटला.

तेवढ्यात संक्रांत आली. युनिव्हर्सिटीत आपली मराठी पोरं-पोरी शिकायला, त्यातल्या एका लग्न झालेल्या मुलीनं तिच्या अपार्टमेंटमध्ये हळदीकुंकू ठेवलं, म्हणाली, काकू, तुम्ही यायचंच. मी कुंकू लावत नाही, पण तिळगूळ कोण सोडतो? गेले. बाहेर गुडघाभर बर्फ आणि आत दहा-बारा पोरी काळ्या साड्या नेसून, पायात लोकरीचे मोजे. सगळ्या मागं लागल्या, काकू, नाव घ्या, नाव घ्या. मी म्हटलं, अगं आता काय वय आहे का, पण सोडतात कुठल्या. मग घेतलं. पांढऱ्या साडीला निळी किनार, मनोहररावांच्या मागं आले समुद्रापार. पोरींनी टाळ्या वाजवल्या, एक म्हणाली, काकू, एकदम सही!

आणि मी तिळगूळ हातात धरून तशीच बसले. कारण मला वाटलं, अगं सुमे, तू नवऱ्याचं नाव एरवी घेतेस का? नाही. हे माझं घेतात का? नाही. मग आमच्या माणसांमध्ये नाव घेतात कुठं, तर उखाण्यात. बायका घेतात तसे पुरुषही घेतात, चर्चमध्ये लग्न लागतं, मग मांडवात पंगत बसते, नवरा नवरीला घास भरवतो आणि सगळं गाव ओरडतं, नाव घे, नाव घेतल्याशिवाय घास नाही. मामंजींना काय कुणी सोडलं असेल? आणि आत्या तर नवरदेवाची धाकटी बहीण, ती पंगतीत पुढंच बसलेली असणार. आम्ही मूर्खासारखे पूर्ण नाव, जन्म, माहेर विचारत बसलो.

शनिवारी सकाळी, म्हणजे आत्यांची संध्याकाळ, मीच फोन लावला, स्पीकरवर टाकला, हे समोर बसलेले. आधी पाणी, पाऊस, गुडघे सगळं विचारलं. मग म्हटलं, आत्या, मामंजींनी लग्नात घास भरवताना नाव घेतलं होतं का हो? आत्या म्हणाल्या, कुठल्या लग्नात? म्हटलं, पहिल्या. तर आत्या म्हणाल्या, दोन्ही लग्नात एकच घेतलं गं त्यानं.

आणि कार्ड संपलं! ती बाई आली फोनवर, गोड इंग्रजीत, तुमचा वेळ संपला आहे म्हणून. मी त्या बाईला काय काय बोलले ते इथं लिहू नका. हे उठले, कोट घातला, म्हटलं मी येते, तर म्हणाले, नको, तू इथंच थांब, तिचा फोन आला तर. इंडियन दुकान लांब, रस्त्यावर बर्फ, ह्यांचं हृदय तसलं, मी खिडकीशी उभी राहून प्रार्थना करत होते आणि मधून मधून ह्यांना शिव्याही घालत होते. आले ते एक नाही, तीन कार्डं घेऊन. बुटांचा बर्फ तसाच घरात. मी पुसून घेतला.

परत फोन लावला. आत्या तिथंच बसून होत्या, म्हणाल्या, मला वाटलं तुम्ही रागावून ठेवला. मग सांगायला लागल्या. त्या म्हणाल्या, दादाला उखाणा येत नव्हता, पहिल्या लग्नात आमच्या काकानं एक पाठ करून घेतला त्याच्याकडून. पुढं वहिनी गेली, तू एवढास्सा, दादा जेवंना, बोलंना. घरच्यांनी घाईनं तारावहिनी केली, पोराला आई पायजे म्हणून. तारावहिनी सतरा वर्षांची पोर. पंगत बसली, लोक म्हणाले नाव घे. दादाचं ध्यान कुठं हुतं. त्याला एकच उखाणा येत हुता, तोच निघाला तोंडातून. खळ्यात पडली जोंधळ्याची रास, सगुणेला भरवितो लाडवाचा घास.

सगुणा. ह्यांनी माझा हात धरला. आत्या पुढं सांगत होत्या. भर मांडवात, नव्या नवरीम्होरं, मेलेल्या बायकोचं नाव! सगळी पंगत गार. हलगीवाला थांबला. नवरीचा बाप उठून उभा राहिला, आता उचलून नेतो पोरीला म्हणाला. दादाचा हात तसाच धरलेला, लाडू घेऊन, त्याला कळंना काय झालं. आणि तारावहिनीनं काय करावं, तिनं पदर सारला, दादाचा हात धरला आणि त्यो घास खाल्ला. खाल्ला आणि बापाला म्हणाली, बसा खाली, तिचं लेकरू मी घेतलंय, मग तिचा घास खाल्ला तर काय बिघडलं.

आत्या रडायला लागल्या. म्हणाल्या, त्या रात्री आमच्या आयनं सगळ्यांना शपथ घातली, पुन्हा ह्या घरात ते नाव घ्यायचं नाही, नव्या पोरीच्या काळजाला लागंल. म्हणून मी नाही बोलले रे मन्या, आयची शपथ हुती. तारावहिनीनं नव्हतं सांगितलं हां. ती तर मला एकदा विहिरीवर म्हणाली, तुमी सगळे का लपवता, मला काय तिचा राग हाय का.

कार्डाची मिनिटं जात होती, मी म्हटलं जाऊ देत. मग हे म्हणाले, आत्या, म्हणजे आईला चाललं असतं? मी विचारलं असतं तर चाललं असतं? आत्या म्हणाल्या, अरे येड्या, ती वाट बघत आसंल तू विचारायची. त्यावर हे जे रडले, लग्नाला इतकी वर्षं झाली, मी ह्यांना तसं रडताना पाहिलं नव्हतं. मी नाडी धरून बसले, सवयीनं. रडणं संपलं तेव्हा नाडी चांगली होती. हे म्हणाले, भूक लागलीय.

ऑपरेशन नीट झालं, देवाची दया. आत नेताना ह्यांनी डॉक्टरला मराठीत थँक्यू म्हटलं, म्हणजे काय म्हटलं ते त्याला कळलं नाही, पण तो हसला. बरे झाल्यावर तळघरात गेलो, ह्यांनी आपल्या घराण्याचा कागद घेतला. कॉम्प्युटर म्हणत होता खरी आई एक, सावत्र आई एक, वेगवेगळ्या खुणा करा. ह्यांनी त्या खुणा केल्या, पण हातानं लिहिलेला एक कागद वेगळा ठेवला, त्यावर दोघींची नावं शेजारी शेजारी लिहिली आणि मध्ये रेघसुद्धा मारली नाही. आमच्या वरचे जे अमेरिकन एल्डर होते ते म्हणाले, असं चालत नाही, एल्डर साळवे. हे म्हणाले, आमच्याकडं चाललं. ह्यांनी कुणाला तरी उलट उत्तर दिलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं आणि मला फार बरं वाटलं, म्हटलं, चला, आता भांडणाला कुणीतरी मिळालं.

सेवा संपवून जर्सी सिटीला परत आलो आणि पुढच्या वर्षी गावी गेलो. सासूबाईंच्या कबरीवर दगड आहे, थोरलीची कबर कुठं ते आता कुणालाच सांगता येत नाही, बाभळी वाढल्यात तिथं. ह्यांच्या मनात आलं, सासूबाईंच्याच दगडावर सगुणाबाईंचं नाव घालावं, पण परत घुटमळले, शोभेल का म्हणून. आत्यांना विचारायला गेलो. आत्या खाटेवर पडूनच होत्या, डोळ्यांनी दिसत नव्हतं, म्हणाल्या, जिनं भर मांडवात तिचा घास खाल्ला, ती दगडावर दोन बोटं जागा देणार न्हाई व्हय? त्याच दिवशी पाथरवटाला सांगून आलो. आत्या त्या पावसाळ्यात गेल्या. आम्ही वेळेवर विचारलं, ह्याचे मी देवाचे किती आभार मानू.

आता आम्ही इथंच असतो, त्याच काचेच्या बिल्डिंगमध्ये, आणि लिफ्टमध्ये मीच लोकांना विचारते, तुमची आजी कुठली, तिच्या लग्नात जेवायला काय होतं. सांगतात हो लोक, विचारलं की सांगतात, मजला आला तरी उतरत नाहीत. मला आता काही मागायचं राहिलेलं नाही. मुलगा चांगला, सून गुणी, तुम्ही एवढ्या लांबून ऐकायला आलात, तुमचंही भलं होवो. फक्त एक आहे, ह्यांची जेवणाआधीची प्रार्थना पूर्वी दोन वाक्यांची असायची, आता लांबलीय. सगुणाबाईंसाठी आभार मानतात, मग ताराबाईंसाठी मानतात, मग पुन्हा सगुणाबाईंपाशी येतात, साठ-पासष्ट वर्षांचं साठलेलं आहे ना. भाजी निवते. निवू दे, मी काही बोलत नाही.